शब्दांची प्रश्नोत्तरे : ‘सक्सिंक्ट’ कशाला म्हणावे?

प्रश्न (सिव्हिल लाइन्स, नागपूर) : मी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात एका ज्येष्ठ वकिलांकडे उमेदवारी करतो. माझ्या अर्जाच्या मसुद्यावर त्यांनी ‘सक्सिंक्ट (succinct) करा’ असा शेरा मारला. मी बराच मजकूर गाळला, तेव्हा ‘आता त्रोटक झाले’ म्हणाले. त्यांना नेमके काय हवे होते?

उत्तर : त्यांना शब्द कमी हवे होते, माहिती कमी नको होती. हे विशेषण लॅटिनमधून इंग्रजीत आले असून त्याच्या मुळाशी वस्त्र वर खोचून कमरेशी बांधण्याची कल्पना आहे. भंडाऱ्याकडे धानाच्या रोवणीसाठी बांधीत उतरणाऱ्या बाया लुगडे वर खोचतात, तेव्हा कापड तसूभरही कमी होत नाही; पायात येणारे तेवढे आवरले जाते. (जवळच्याच अर्थाच्या ‘कन्साइज’ (concise) या शब्दाच्या मुळाशी मात्र कापणेच आहे.) शब्दाच्या मुळावरून आजचा अर्थ ठरवू नये हे खरे, पण येथे ते मूळ वाट चुकवत नाही.

आपल्या मसुद्यात असे वाक्य असेल : ‘मौजा हुडकेश्वर येथील सदर भूखंड अर्जदाराच्या मालकीचा असून त्यावर अर्जदाराचीच मालकी आहे व अर्जदार हाच त्याचा मालक आहे.’ ते ‘मौजा हुडकेश्वर येथील सदर भूखंड अर्जदाराच्या मालकीचा आहे’ असे केले, की सक्सिंक्ट झाले. ‘भूखंड अर्जदाराचा आहे’ एवढेच ठेवले, तर कोणता भूखंड हा प्रश्न उरतो. त्रोटक म्हणतात ते यालाच. मराठीत मी ‘आटोपशीर’ हा शब्द सुचवेन. ‘संक्षिप्त’ म्हटल्यास मोठ्या मजकुराची लहान आवृत्ती असा भास होतो.

प्रश्न (धरमपेठ) : उच्चार ‘ससिंक्ट’ की ‘सक्सिंक्ट’?

उत्तर : ‘सक्सिंक्ट’. ‘सक्सेस’मध्ये जोडीने येणाऱ्या दोन ‘c’ अक्षरांचा जो उच्चार आपण सहज करतो, तोच येथे करावा. जोर शब्दाच्या दुसऱ्या अवयवावर, म्हणजे ‘सिंक्ट’वर, द्यावा.

प्रश्न (महाल) : वार्षिक मूल्यमापनात साहेबांनी माझी ई-मेल ‘टर्स’ (terse) असतात असे लिहिले. ही स्तुती समजावी का?

उत्तर : बहुधा नाही. ‘टर्स’चा मूळ अर्थ पुसून स्वच्छ केलेले असा होता आणि इंग्रजीतही तो एकेकाळी घोटीव, सफाईदार शैलीसाठी वापरला जाई. आज एखाद्याच्या गद्यशैलीविषयी तो अजूनही कौतुकाने येतो. परंतु कार्यालयीन पत्रव्यवहाराविषयी आला, तर उत्तर कोरडे आणि तुटक वाटते अशीच सूचना त्यात असते. साहेबांना स्तुती करायची असती, तर त्यांनी ‘सक्सिंक्ट’ लिहिले असते. ‘कर्ट’ (curt) लिहिले असते, तर उद्धटपणाचा ठपकाच समजावा लागला असता.

प्रश्न (सदर) : ‘सक्सिंक्ट मीटिंग’ म्हणता येईल का?

उत्तर : म्हणू नये. बैठक, भेट, मुक्काम हे वेळेत मोजले जातात, त्यांना ‘ब्रीफ’ लावावे. ‘सक्सिंक्ट’ हे बोलण्याला आणि लिहिण्याला लागते. त्यामुळे बैठक लांबली तरी तिचे इतिवृत्त सक्सिंक्ट असू शकते.