मार्काच्या सोळाव्या अध्यायापाशी अडलेली प्रार्थना

"ताई, थिऑलॉजी शिकायला लागले आणि माझी प्रार्थनाच बंद पडली. विश्वास गेला का हो माझा?" हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो, सेमिनरीत, म्हणजे पास्टर व्हायचं शिक्षण घेणाऱ्या मुलांकडून आणि संडे स्कूलच्या शिक्षिकांकडूनही. त्यातल्या एकीची हकीकत तिच्या परवानगीनं, ओळख पुसून सांगते.

ती परिचारिका. नाइट ड्यूटी सांभाळून घरबसल्या ईश्वरविज्ञानाचा, म्हणजे थिऑलॉजीचाच, अभ्यासक्रम करत होती. एका धड्यात आलं की बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानातली १६व्या अध्यायाची ९ ते २० ही वचनं सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या बायबलच्या हस्तलिखितांत नाहीत, म्हणजे ती मागाहून जोडलेली असावीत. तिच्या आईनं शेवटच्या दुखण्यात नेमकं त्यातलंच वचन धरून ठेवलं होतं, दुखणाइतांवर हात ठेवले की ते बरे होतील, हे. आई गेली. आणि आता हे असं कळलेलं. आठ महिने ती कुणाशी बोलली नाही, मंडळीत तर नाहीच. "पास्टर म्हणतील, फार पुस्तकं वाचू नकोस म्हणून सांगत होतो ना!"

आधी चूक माझीच झाली. महिनाभर वह्या बाजूला ठेव, असं मी सांगून बसले. ती ठेवून आली, ती आणखीच सुकलेली. झोप, जेवण, ड्यूटी विचारून घेतली. डॉक्टरांकडे पाठवण्याइतकं काही दिसलं नाही. मग म्हटलं, वही घेऊन ये.

वही नीटनेटकी. लाल शाईत 'देवाची सर्वज्ञता', खाली आधार तीन, आक्षेप दोन. पानामागून पान देव 'तो'. घरात आपण देवाला 'तू' म्हणतो, आईला म्हणतो तसं. या वहीत 'तू' कुठेच नव्हता. अकराव्या शतकातल्या अन्सेल्म या ख्रिस्ती विचारवंतानं देवाच्या अस्तित्वाचा आपला प्रसिद्ध युक्तिवाद मांडला, तो देवालाच उद्देशून, प्रार्थनेच्या रूपात. (युक्तिवाद मला पुरता पटलेला नाही, पण तोंड कुणाकडे करून तो बोलला ते बघण्यासारखं आहे.) मी तिला म्हटलं, यातली एक ओळ 'तू' करून लिही.

तिनं लिहिलं, "तुला सगळं ठाऊक आहे." पेन थांबलं. मग खाली, इतकं दाबून की कागद मागून उमटला, "मग आईचं कसं ठाऊक नव्हतं?"

आठ महिन्यांतली ती पहिली प्रार्थना. मी तिला बायबलमधलं ८८वं स्तोत्र काढून दिलं. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तरी शास्त्रात आहे. पंडिता रमाबाईंचंही सांगितलं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३चा. आपल्याला धर्म मिळाला पण ख्रिस्त नाही, हे त्यांना उमगलं सुमारे आठ वर्षांनी. आणि त्याच बाईंनी पुढे हिब्रू-ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणलं. तेव्हा आठ महिन्यांत निकाल लागायलाच हवा असं नाही.

पुढच्या वेळी ती आपणहून म्हणाली, "ताई, मार्काचा सोळावा अध्याय मी आठव्या वचनाशीच थांबून वाचला. बायका येशूच्या कबरेपासून पळाल्या आणि भीतीपोटी कुणाला काही बोलल्या नाहीत. माझ्यासारख्याच की."

त्या रविवारी उपासनेनंतर ती पास्टरांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा ठेवायला सांगितला आणि आतून स्वतःची सेमिनरीतली जुनी वही काढून आणली.