५ वॉटचा सेट आणि २ वॉटचा पॅड: आधी वॉट बघा, मग डीबी

तुम्हाला १४५ मेगाहर्ट्झचा ५ वॉटचा हँडसेट टायनीएसएला (कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणारा छोटा स्पेक्ट्रम ॲनालायझर) लावून हार्मोनिक्स, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पट जागी निघणारे नको असलेले सिग्नल, बघायचेत आणि हाताशी ३० डीबीचा, २ वॉटचा एसएमए (छोट्या स्क्रूच्या कनेक्टरचा) ॲटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारा पॅड, आहे, चालेल का असं विचारलंय. नका लावू. आकडेमोडीत बसतंय असं वाटतं, कारण ५ वॉट म्हणजे ३७ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत डीबीत मोजलेली पॉवर), त्यातून ३० गेले, ७ उरले, आणि त्या यंत्राची मर्यादा १० डीबीएम. पण पॅड जे अडवतो ते कुठे जातं? आतल्या रेझिस्टरमध्ये त्याची उष्णता होते. ३० डीबी म्हणजे हजारातला एक भाग पुढे, बाकी जवळपास सगळे ५ वॉट त्या बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यात जिरणार. आणि २ वॉट हा आकडापण साधारण २५ डिग्रीचा असतो, पॅड तापला की तेवढेही झेपत नाहीत.

मी हे बघितलंय. आमच्याकडे एकदा कोणीतरी २५ वॉटचा मोबाइल सेट असल्याच २ वॉटच्या पॅडवर दाबला. बाहेरून काही दिसलं नाही, ना वास ना डाग, आणि पुढे आठवडाभर आमची सगळी रिडिंग दीड डीबी जास्त येत होती, आम्ही केबल बदलल्या, सेट उघडले, शेवटी पॅड मल्टीमीटरवर धरला तर इनपुटकडून ७० ओहमच्या वर.

म्हणून ही तपासणी सगळ्यांनी शिकून घ्या, नवीन पॅड आला तरी करा. दुसरं टोक मोकळं ठेवून मधली पिन आणि बॉडी यात ओहम मोजायचे: ५० ओहमचा चांगला पॅड असेल तर ३ डीबीला साधारण १५०, ६ ला ८४, १० ला ६१, २० ला ५१ आणि ३० ला ५० येतात. दोन्ही बाजूंनी मोजा. मोठ्या डीबीला एवढ्यावर थांबू नका, कारण मधला रेझिस्टर तुटला तरी आकडा फार हलत नाही, तेव्हा पिन ते पिनपण बघा, २० डीबीला ८२ आणि ३० ला ९४ च्या आसपास पाहिजे.

तुमच्या कामाला सेटच्या लगेच पुढे १० वॉटचा ३० डीबी लावा आणि त्याच्या पुढे साधा २ वॉटचा २० डीबी. पहिल्यातून फक्त ५ मिलिवॉट बाहेर येतात, दुसऱ्याला काही त्रास नाही, आणि यंत्राला -१३ डीबीएम मिळतो. क्रम उलटा करायचा नाही. मोठ्या वॉटच्या काही पॅडवर इनपुटची बाजू लिहिलेली असते, तीच सेटकडे.

आता हार्मोनिक दिसला म्हणून लगेच सेटला दोष देऊ नका. आणखी १० डीबी मध्ये घाला. दुसरा हार्मोनिक बरोबर १० ने खाली आला तर तो खरंच सेटचा, २० च्या आसपास कोसळला तर तो ॲनालायझर स्वतः तयार करतोय, इनपुट अजून कमी करा. ही युक्ती महागड्या यंत्रालाही तशीच लागू आहे.

कनेक्टरचं म्हणाल तर बऱ्याच स्वस्त हँडसेटवर एसएमए मेल (मधे पिन असलेला) असतो, पॅड घ्यायच्या आधी बघा, आणि वायफाय अँटेनाचा आरपी-एसएमए (दिसायला तसाच, पण पिन आणि भोक उलटे) मिसळू नका. आवळताना फक्त नट फिरवा, पॅडची बॉडी धरून ठेवा, नाहीतर मधली पिन घासत राहते.

आणि हो, साध्या पॅडमधून डीसीपण जातो. पुढेमागे बायस-टीवर (सिग्नलच्याच केबलमधून डीसी वीज देणारा जोड) चालणारा एलएनए (कमी नॉइजचा ॲम्प्लिफायर) लावणार असाल तर त्या लाइनमध्ये पॅड टाकताना मध्ये डीसी ब्लॉक (डीसी अडवून सिग्नल जाऊ देणारा तुकडा) आहे ना ते बघा, नाहीतर १२ व्होल्ट सरळ त्या रेझिस्टरवर येतात आणि ५० ओहमला ते जवळपास ३ वॉट होतात.