वाचक विचारतात: रिसर्चला वर्गणी कशाला?

ताई, आम्ही लालबागच्या चाळीतले. यंदा मंडळाचं डेकोरेशन निम्म्यात बसवायचं आणि उरलेले पैसे, शिवाय वेगळी वर्गणी काढून मुंबईजवळ नवीन कॅन्सर हॉस्पिटल आणि रिसर्च सेंटर होतंय त्याला द्यायचे असं आम्ही पाच-सहा जणांनी ठरवलं. मीटिंगमध्ये मांडलं तर अर्धे लोक उठूनच गेले. म्हणे रिसर्च हे मोठ्या लोकांचं काम, त्यापेक्षा एखाद्या पेशंटला द्या. एक काका म्हणाले, मंडळाच्या नावाची पाटी लागणार असेल तरच. त्यांना काय सांगू? आणि लोकांकडे मागायचं कसं?
– एक कार्यकर्ता, लालबाग

दादा, पहिलं म्हणजे जे उठून गेले त्यांच्यावर चिडू नका. परळच्या आसपास वाढलेल्या माणसाला पेशंट रोज दिसतो, रिसर्च कधीच दिसत नाही. फुटपाथवर फाईल उशाशी घेऊन झोपलेला बाप तुम्हीही बघितला असेल, प्लास्टिकच्या पिशवीला दोन-दोन गाठी, कारण पावसात रिपोर्ट भिजले तर परत सगळं आलं. त्याला सोडून लॅबला पैसे द्या म्हटलं की कुणालाही खटकणारच, मलासुद्धा आधी खटकायचं.

पण त्या लोकांना व्हिनेगरची गोष्ट सांगा. आपल्याच मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी ३५ ते ६४ वयाच्या साधारण दीड लाख बायकांवर वर्षानुवर्षं एक अभ्यास केला. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावायचं, म्हणजे व्हिनेगरच म्हणा ना, जिथे गडबड असेल तो भाग थोड्या वेळात पांढरा दिसतो, बस्स. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि थोडं ट्रेनिंग दिलेल्या बायका होत्या. २०१३ ला निकाल जाहीर झाला, तपासलेल्या बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू न तपासलेल्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी. आणि पैसे कुणी दिले तर अमेरिकेच्या सरकारी संस्थेने! आपल्या वस्तीतल्या बायका, आपल्या शहरातले डॉक्टर, आणि पैसे साता समुद्रापलीकडून, हे मला तरी अजून टोचतं.

दुसरं उदाहरण त्याहून साधं आहे. टाटा हॉस्पिटलमधल्याच डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी गाठीच्या भोवती लिग्नोकेन टोचून बघितलं. लिग्नोकेन म्हणजे दात काढताना बधिर करायला देतात तेच. ११ हॉस्पिटलं, १६०० बायका. ज्यांना टोचलं नव्हतं त्यांच्यात पाच वर्षांनी कॅन्सर परत न आलेल्या ८२.६ टक्के, ज्यांना टोचलं त्यांच्यात ८६.६. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण शंभर बायकांमागे चार जणी, आणि इंजेक्शनचा खर्च शंभर रुपयेसुद्धा नाही.

आता मीटिंगमध्ये एवढंच विचारा की व्हिनेगरच्या अभ्यासाला कुठली औषध कंपनी पैसे देईल? बधिर करायच्या स्वस्त इंजेक्शनवर कोण नफा कमावणार आहे? महागड्या नवीन औषधाचा रिसर्च कंपनी करतेच, तिला त्यात कमाई दिसते. जो रिसर्च आपल्या खिशाला परवडेल असं काहीतरी शोधतो त्याला मालक नसतो, म्हणून तो वर्गणीवर किंवा सरकारवर चालतो. एका पेशंटला दिलेले पैसे त्याच्यापुरते लागतात आणि ते द्यायलाच हवेत, मी नाही म्हणत नाहीये, अर्धे तिकडे अर्धे इकडे करा, मीटिंगमध्ये भांडण पण मिटेल.

पाटीवाल्या काकांना नावं ठेवू नका. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ ला ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, पुढे सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून २८ फेब्रुवारी १९४१ ला परळचं हॉस्पिटल सुरू झालं आणि दारावर नाव आहेच की. फक्त काकांना सांगा की भिंतीला देणारे खूप मिळतात, भिंत एकदाच बांधायची असते. पेशंटचा पाच वर्षं फोनवर पिच्छा पुरवून 'बरी आहे का, कुठे आहे' लिहून ठेवणाऱ्या मुलीच्या पगाराला मात्र कुणी देत नाही, आणि तिने लिहिलं नाही तर वरचे ८२.६ आणि ८६.६ आले कुठून असते? सेंटरला सरळ विचारा की अशा कामाला पैसे घेता का आणि वर्षाने हिशोब पाठवणार का. आम्ही मागे एका संस्थेच्या इमारतीसाठी दोन महिने दारोदार फिरलो, पैसे पोचल्याचं एक पत्र आलं आणि त्यानंतर चिडीचूप, बिल्डिंगमधले लोक अजून मला जिन्यात गाठून विचारतात.

मागण्याचं म्हणाल तर टक्कल पडलेल्या लहान पोरांचे फोटो ग्रुपवर फिरवू नका, लोक बघतात आणि पुढे सरकतात. घरी जा, बसा. गिरगावात एका तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे मी गेले होते, पावती पुस्तक उघडलं आणि कॅन्सर शब्द काढला तर त्या आधी उठून दार लावून आल्या. म्हणाल्या, माझ्या जावेला झाला होता, आम्ही सगळ्यांना टीबी सांगितलं. मग पाऊण तास बोलत होत्या. निघताना पदराच्या गाठीतून ५१ रुपये दिले, पण त्या मजल्यावरच्या बाकीच्या चार घरांत मला घेऊन त्या स्वतः फिरल्या, आणि तिथून जे जमलं ते माझ्या एकटीच्याने जमलं नसतं.

एक कागदाचं काम. गणपतीच्या वर्गणीला धर्मादाय आयुक्तांची ४१ क ची परवानगी काढता ना, ती उत्सवासाठी असते, त्याच पुस्तकावर दुसऱ्या कामाचे पैसे घेऊ नका, वरळीच्या ऑफिसात आधी विचारून घ्या. शक्यतो मोठी रक्कम देणाऱ्याला सेंटरच्याच खात्यावर परस्पर भरायला सांगा.

सोसायटीतल्या ३२ जणांचे पैसे जमवून आम्ही एकच चेक कॅन्सर हॉस्पिटलला दिला. आता सगळ्यांना ८०जी ची, म्हणजे टॅक्स सवलतीची पावती हवी आहे. मिळेल का?
– सेक्रेटरी, बोरिवली

नाही हो. ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याच्याच नावाने पावती आणि देणगीचं सर्टिफिकेट येतं, म्हणजे सोसायटीच्या. पुढच्या वेळी प्रत्येकाने पॅन नंबर देऊन आपापलं भरा. कॅश २००० च्या वर दिली तर सवलत नाही आणि नवीन टॅक्स रिजीममध्ये असाल तर तसंही नाही, त्यामुळे ३२ जणांपैकी निम्मे उगाच भांडत असण्याची शक्यता आहे, आधी ते बघा.

ताई, मी कॉलेजला आहे, पैसे नाहीत. अजून काही देता येतं का?
– डोंबिवली

प्लेटलेट्स दे की! केमोने पेशंटच्या प्लेटलेट्स धडाधड उतरतात आणि दिलेल्या प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत, म्हणून देणारे सतत लागतात. मशीनवर तास-दीड तास बसावं लागतं, रक्त एका बाजूने जातं, प्लेटलेट्स काढून बाकीचं परत येतं. वजन, हिमोग्लोबिन, हाताची शीर आधी बघतात, ॲस्पिरिन घेतली असेल तर सांग, त्या दिवशी घेणार नाहीत. पोटभर खाऊन जा. आणि घट्ट फुल स्लीव्हचा टॉप घालू नकोस, मी घातला होता, बाही कोपराच्या वर सरकेचना, सिस्टर सगळ्या वॉर्डासमोर ओरडली.