लेमन थाइम : पाणी आणि खत, दोन्हींत हात आखडता ठेवा

प्रश्न : कुंडीतले लेमन थाइम (पानांना लिंबाचा वास असलेले मसाल्याचे छोटे झुडूप) रोज पाणी देऊनही माना टाकते. दुकानदाराने बुरशीनाशक आणि टॉनिक दिले आहे. आधी काय द्यावे?

उत्तर : दोन्ही नको. बाटल्या उघडल्या नसतील तर परत करा. ही मूळकूज आहे आणि ती रोजच्या पाण्याने आली आहे. रोप अलगद उपटून एक मूळ चिमटीत धरून ओढा. तपकिरी साल निसटून आली आणि मातीला आंबूस वास असला, तर ते मूळ गेले. कुजलेले मूळ पाणी ओढत नाही, म्हणून ओल्या मातीतही रोप कोमेजते. तुम्ही ते तहानलेले समजून आणखी पाणी घालता. कुजलेली मुळे कोणत्याही औषधाने परत येत नाहीत. वरचे हिरवे शेंडे कलमांसाठी कापून घ्या, बाकी रोप मातीसकट टाकून द्या.

नवीन लागवडीला दोन भाग माती, एक भाग जाड वाळू किंवा बारीक खडी आणि एक भाग चांगले कुजलेले कंपोस्ट घ्या. तळाला भोके असलेली, 20 ते 25 सेंमीची मातीची कुंडी बरी. तळाशी खापऱ्यांचा जाड थर देऊ नका. त्याने निचरा सुधारत नाही, उलट ओल वर मुळांपाशी थांबते. खडी वर हवी. रोपाच्या बुंध्याभोवती दोन सेंमी बारीक खडी पसरा, म्हणजे जमिनीला टेकलेल्या फांद्या कोरड्या राहतात. एवढे एक काम तरी कराच. पालापाचोळ्याचे आच्छादन मात्र या पिकाला नको, त्याखाली बुंधा सडतो. जमिनीत लावायचे तर उंचवट्यावर, 30 सेंमी अंतराने लावा.

पाण्याची वेळ घड्याळावर ठरवू नका. बोट दोन पेरे मातीत घाला. आत कोरडे लागले तरच भोकातून निथळेपर्यंत पाणी द्या आणि ताटलीत साचलेले लगेच ओतून टाका. संततधारेत कुंडी आडोशाला घ्या.

प्रश्न : वाढ जोमदार आहे, पण लिंबाचा वास येत नाही. 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी 19 टक्के असलेले खत) दर आठवड्याला द्यायला सांगितले आहे.

उत्तर : वास त्यामुळेच गेला. जास्त नत्राने फांद्या लांब, लुसलुशीत होतात, पानातला सुगंध पातळ होतो आणि मावा (रस शोषणारी बारीक कीड) येतो. मग दुकानदार माव्याचे औषध देतो. हे चक्र खत थांबवूनच तुटते. वर्षातून एकदा, छाटणीनंतर, मूठभर कंपोस्ट पुरे. युरिया अजिबात नको. रोज किमान सहा तास थेट ऊन हवे. मावा किंवा लाल कोळी दिसले तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारे, कीटकनाशक कधीही नको, ही पाने तुम्ही खाणार आहात.

छाटणी फुले संपल्यावर लगेच, हिरव्या भागातच करा. पाने नसलेल्या जुन्या लाकडी खोडावर कात्री चालवली तर तिथून बहुधा फूट येत नाही. पिवळ्या-पांढऱ्या कडांच्या वाणात निव्वळ हिरवी फांदी निघाली तर ती जिथून फुटली तिथूनच कापा, ती बाकीच्यांना दाबते.

प्रश्न : बी कोणते घ्यावे?

उत्तर : बी घेऊच नका. बियांच्या रोपांचा वास एकसारखा नसतो. दाब कलम करा. एक फांदी वाकवून मधला भाग मातीत दाबा, वर खडा ठेवा, शेंडा बाहेर राहू द्या. सहा ते आठ आठवड्यांनी हलके ओढून पाहा. धरून ठेवले तर मुळे आली, कापून वेगळे लावा. तीन-चार वर्षांत मूळ रोप लाकडी होतेच, तोवर नवे तयार असते.

प्रश्न : वापर कसा करावा?

उत्तर : फुलण्याआधी, दव उडाल्यावर सकाळी शेंडे काढा, एका वेळी एकतृतीयांशापेक्षा जास्त नाही. लिंबाचा वास उडून जाणारा असतो, म्हणून पदार्थ शिजवताना पाने शेवटच्या पाच मिनिटांत घाला. चहाला एका कपास दोन-तीन कोवळे शेंडे, पाच मिनिटे झाकून. थाइमच्या तेलाचे थेंब पोटात घ्यायला कोणी सांगितले तर ऐकू नका. ते फार तीव्र असते. सुकवायचे तर सावलीत, हवेशीर जागी जुड्या टांगा. पान कुरकुरीत झाल्यावरच हवाबंद बरणीत भरा. सुके पान ताज्याच्या एकतृतीयांश घ्या.