खंदकात बिनहत्यार

प्रश्न : पहिल्या महायुद्धात पाद्रींजवळ बंदूक नसे. मग आघाडीवर ते नेमकं काय करत? (जुळे सोलापूर)

उत्तर : प्रार्थना तर होतीच, पण खरी कसोटी अंधार पडल्यावर. दोन्ही खंदकांमधल्या मोकळ्या पट्ट्यात पडलेल्या जखमींपर्यंत रांगत जायचं आणि स्ट्रेचर येईपर्यंत तिथून हलायचं नाही. एप्रिल १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर ५४ वर्षांचे ब्रिटिश पाद्री थिओडोर हार्डी एका सार्जंटला घेऊन असेच निघाले. जखमी जवान पडला होता शत्रूच्या काँक्रीटच्या ठाण्यापासून अवघ्या १० यार्डांवर, म्हणजे ९ मीटरवर! नुसत्या कण्हण्यानेही तिघांचा घात झाला असता. जवानाला उभंही राहवेना. दोघांनी मिळून त्याला खंदकात आणलं. हार्डींना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता, तेव्हा ते जखमांनी गेले.

आपल्याला जवळचं नाव पाद्री विल्यम ॲडिसन यांचं. आजच्या इराकमधल्या कुत शहराच्या वेढ्यात मराठा पलटणीही अडकल्या होत्या. त्यांना सोडवायला निघालेल्या फौजेत ते होते. ९ एप्रिल १९१६ ला तिथल्याच सन्नायत इथल्या माऱ्यात त्यांनी एका जखमीला उचलून खंदकात आणलं, इतरांनाही मदत केली. त्यांनाही तोच सन्मान.

दफनाचं कामही जोखमीचंच. त्यात मृताची ओळख टिकवणंही आलं. सुरुवातीला ब्रिटिश जवानाच्या गळ्यात ओळखीचा एकच बिल्ला असे. तो नोंदीसाठी काढला की मृतदेह बेनाव व्हायचा. सप्टेंबर १९१६ पासून दोन बिल्ले आले : लाल गोल नोंदीसाठी, हिरवा अष्टकोनी देहासोबत.

प्रश्न : दंडावर रेड क्रॉसची पट्टी असूनही पाद्री कसे मारले जात? (अक्कलकोट रस्ता, सोलापूर)

उत्तर : पट्टी चिखलाने माखते, रात्री दिसत नाही आणि तोफगोळा काही पाहून पडत नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार पट्टी डाव्या दंडावर, पाण्याने खराब न होणारी, लष्कराचा शिक्का असलेली लागते. धर्मगुरू शत्रूच्या हाती सापडला तरी तो युद्धकैदी ठरत नाही.

प्रश्न : आपल्या सैन्यात पंडित, म्हणजे हिंदू धर्मगुरू, व्हायचं तर? (होटगी रस्ता, सोलापूर)

उत्तर : पदवी हवीच. शिवाय संस्कृतात आचार्य, किंवा शास्त्री आणि कर्मकांडाची एक वर्षाची पदविका. १.६ किलोमीटर ८ मिनिटांत धावावं लागतं. पोथीत रमणारे इथेच अडकतात, म्हणून सराव आधीपासून ठेवा. नेमणूक नायब सुभेदार म्हणून, प्रशिक्षण पुण्यात. वयाची अट मात्र ताज्या जाहिरातीत पाहा.