शनिवारची गोळी

"मॅडम, मला कॅन्सर नाहीये ना? मग हे औषध मला कशाला?"

ताईंनी पर्समधून स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली. मेथोट्रेक्सेट. लिहून देऊन महिना झाला होता, एकही गोळी फोडलेली नव्हती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आजार आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. सकाळी तासभर मूठ वळत नाही, बटणं लेक लावून देते. त्याच लेकीनं मोबाइलवर औषधाचं नाव शोधलं आणि घरात रडारड झाली.

हे कॅन्सरचंही औषध आहे, हे मी कधी झाकत नाही. झाकलं आणि नंतर कळलं, की पुढचं काहीच पटत नाही. फरक डोसचा. काही कॅन्सरमध्ये ते ग्रॅमच्या हिशेबात देतात. आमवातात आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम. इथे त्याचं काम आपल्याच सांध्यांवर उलटलेल्या प्रतिकारशक्तीला आवरायचं. अमेरिकेत १९८८ पासून त्याला आमवातासाठी मान्यता आहे. गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात, तेवढा धीर मात्र हवा.

ताई थोड्या सैलावल्या. पण माझी भीती वेगळीच होती.

काही वर्षांपूर्वी एका काकांना मी सांगितलं होतं, "आठवड्याला सहा गोळ्या." त्यांनी रोज एक घेतली, रविवारी सुट्टी. हिशेब बरोबर, औषध चुकलं! तोंडभर फोड, पाणीही गिळवेना, रक्तातल्या पेशी घसरलेल्या. अॅडमिट करावं लागलं. बरे झाले, पण माझं ते वाक्य अजून टोचतं. हे औषध रोज थोडं थोडं घेतलं तर अस्थिमज्जेला (हाडांच्या आत रक्तपेशी तयार करणाऱ्या भागाला) सावरायला उसंतच मिळत नाही.

तेव्हापासून मी वार विचारते. ताईंनी शनिवार निवडला, मळमळलं तर रविवारी पडून राहता येईल म्हणून. मार्कर त्यांच्याच हातात दिला. वाकड्या बोटांनी त्यांनी डबीवर लिहिलं: 'फक्त शनिवार, सहा एकदम'. फोलिक अॅसिड, म्हणजे मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी करणारं जीवनसत्त्व, डॉक्टरांनी दर सोमवारी घ्यायला दिलं होतं, त्याची डबी वेगळी.

बाकीचं भराभर सांगितलं. रक्त, लिव्हर, किडनीच्या तपासण्या सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी, पुढे दोन-तीन महिन्यांनी. दारू शक्यतो नाहीच. मूल हवं असेल तर आधीच बोलायचं, हे औषध गर्भाला घातक आहे. जिवंत जंतूंची लस विचारल्याशिवाय घ्यायची नाही. फ्लूची इंजेक्शनची लस मात्र जरूर घ्यायची. ताप, जुलाब, तोंडात फोड, कोरडा खोकला किंवा दम लागला, तर गोळी तशीच ठेवून आधी फोन. आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे गेलं तरी या औषधाचं नाव सांगायचं.

चौथ्या महिन्यात फोन आला. बटणं आता स्वतः लावतात. पण फोन त्यासाठी नव्हता. लघवीला जळजळ होती म्हणून जवळच्या दवाखान्यातून गोळ्या आणल्या होत्या, मेथोट्रेक्सेटचं सांगायचं राहून गेलं होतं. "पाकिटावरचं नाव वाचा," म्हटलं. अडखळत वाचलं: ट्रायमेथोप्रिम. मेथोट्रेक्सेटसोबत नेमकं हेच नको असतं, दोन्ही मिळून रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकतात.

"ताई, एखादी घेतलीत का?"

"नाही हो, फोडलीच नाही अजून. म्हणून तर आधी विचारतेय."