‘राहू दे’ म्हणायचं तर कागदावर म्हण

चि. यास अनेक आशीर्वाद.

परवा मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे हद्दीचा नकाशा, मांडीवर पसरून बसलास, समोरचा चहा गार झाला. शेजारच्या काकूंचं न्हाणीघर तुमच्या हद्दीत दीड फूट आलंय, हे तीनदा बोट ठेवून दाखवलंस. वर म्हणालास, “त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलो, आता कुठल्या तोंडानं बोलू?”

त्याच तोंडानं बोल. न्हाणीघर पाड असं मी म्हणतच नाहीये. पालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस आलीय, तुला वाडा उतरवून बांधायचाय, कबूल. तरी न्हाणीघर राहू द्यायचं असेल तर खुशाल राहू दे. पण कागदावर.

आमच्या पंचवटीतल्या वाड्याचं तुला अर्धंच ठाऊक आहे. शेजाऱ्यांनी जिना आमच्या बोळात उतरवला, तेव्हा वडील ओट्यावर पान लावत होते. चुना पुसत म्हणाले, “राहू दे, शेजारधर्म आहे.” म्हणणारा गेला, ऐकणाराही गेला. मग शेजाऱ्यांच्या मुलांची वकिलामार्फत नोटीस आली: जिना १२ वर्षांहून जास्त आमच्या ताब्यात, सबब जागा आमची. साक्षीला मी कुणाला उभं करू, पानाच्या डब्याला? १४ वर्षं तारखा केल्या. शेवटी तडजोड झाली, जिना त्यांचा आणि बोळातून पाण्याचा पाइप न्यायची मुभा मला. माझ्याच बोळात!

तुझी काकी म्हणते, तेवढ्या पैशात गंगापूर रोडला खोली झाली असती. झाली असती. पण मी फुटासाठी भांडलो नाही रे. वडिलांच्या चांगुलपणाला कुणी गाफीलपणा ठरवावं, हे मला सोसलं नाही. आजही सोसत नाही.

आता नीट ऐक. १९६३ च्या मुदत कायद्यातली १२ वर्षं नुसती कॅलेंडरवर मोजत नाहीत. ताबा अखंड, उघड आणि मालकाचा हक्क झुगारून असावा लागतो. तुझ्या आजोबांच्या परवानगीनं असलेला ताबा ५० वर्षांचा झाला तरी तेवढ्यानं मालकी होत नाही. पण परवानगी होती, हे दाखवणार कशानं? २०१९ पासून तर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं हक्क झुगारून १२ वर्षं बसलेला ताबेदार स्वतःही मालकीचा दावा लावू शकतो. खिडकीच्या उजेड-वाऱ्याचं निराळं, तिथं हक्क सांगायला २० वर्षांचा वापर लागतो. आणि मोजणीवाला हद्दीच्या खुणा दाखवून जातो, मालकीचा वाद दिवाणी कोर्टातच सुटतो. तेव्हा नकाशा हाती आला म्हणून हातोडा घेऊन धावू नकोस.

“काकूंना वाईट वाटेल” हे पुन्हा मला सांगू नकोस. तुझ्या आजोबांनी “बांधा” म्हटलं, ते ऐकलेलं माणूस आज एकच उरलंय, खुद्द काकू. त्यांचा मुलगा पुण्याहून येऊन बसला की तुझी ती साक्षही गेली. स्टँपपेपरवर एवढंच लिही: न्हाणीघर परवानगीनं बांधलं, परवानगीनंच वापरात आहे, काकू जागेवर हक्क सांगत नाहीत. सोबत ‘क’ प्रतीची झेरॉक्स, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. एक साक्षीदार मी येतो. आधी वकिलाला दाखव.

रविवारी सकाळीच जा, दुपारी त्या झोपतात. आणि मजकूर मोठ्या अक्षरात टाइप करून ने, त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय.